मला न सांगितलेले सात आठवडे

पोटात मूल आणि छातीत गाठ, असं एकदम ज्या बाईच्या वाट्याला येतं, तिच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. तिला धीर द्यायला लिहितेय असं म्हटलं तर ते खोटं होईल. धीर कसा देतात ते मला जमत नाही. माझ्या बाबतीत जे झालं ते सांगते. त्यातलं उपयोगाचं असेल ते तिने घ्यावं, बाकीचं सोडून द्यावं.

मी सकीना. माझं माहेर आणि सासर दोन्ही दाभोळ खाडीच्या काठचं. मराठी शाळेत सातवी झाले, आणि लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बोटीने दुबईला आले. चौसष्ट-पासष्टचा सुमार असेल. दुबईच्या देरा भागात आमच्या गल्लीत अजून वीज यायची होती, पाणी गाढवावर डबे लादून यायचं. माझे शौहर इस्माईल एका छोट्या दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधं कालवायची, पट्ट्या बांधायच्या, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे दुभाषाचं. डॉक्टरीणबाई विलायतेच्या होत्या. बरीच वर्षं आखातात काढल्यामुळे त्यांना अरबी चांगलं येत होतं, पण आपल्याकडची माणसं आली की त्यांचं काही चालायचं नाही. मग इस्माईल मध्ये उभे राहायचे. घरी आले की ऐटीत सांगायचे, "मी तोंड उघडेपर्यंत डॉक्टरला पेशंटचं पोट दुखतंय की डोकं, ते कळत नाही."

मला मात्र अरबी येत होतं. घरात दिवसभर बोलायला कोणी नव्हतं, आणि शेजारच्या घरात उम्म खमीस होती. मोठा मुलगा खमीस, म्हणून सगळे तिला उम्म खमीस, खमीसची आई, अशी हाक मारायचे. तिच्या अंगणात बसून मी मासळी साफ करायला, भाकऱ्या थापायला लागले आणि ऐकता ऐकता बोलायलाही लागले. इस्माईल हसायचे. "तुझं अरबी मासळीवालासुद्धा समजणार नाही," म्हणायचे. मला चार शब्दांच्या पलीकडे काही येत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. मीही ती कधी मोडली नाही.

गाठ

त्याआधी माझी दोन पोटं गेली होती. एक तिसऱ्या महिन्यात, दुसरं चौथ्या. त्यामुळे या वेळी पाचवा लागला तेव्हा आम्ही दोघंही घरात हळू आवाजात बोलायचो. कोणी ऐकेल आणि काढून घेईल अशी भीती वाटायची.

अंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला लागली. सुपारीएवढी, कडक. दुखत नव्हती. मी उम्म खमीसला दाखवली. तिने बोटं लावली आणि लगेच मागे घेतली.

"डॉक्टरकडे जा," ती म्हणाली. "आजच जा."

इस्माईल मला घेऊन गेले. बाईंनी छाती तपासली, काखेत बोटं घालून तपासलं. मग सुई टोचून जागा बधिर केली आणि एक तुकडा काढला. मी ह्यांना विचारलं, हे कशाला? म्हणाले, "दूध साठलंय, थोडं काढून बघतात." तुकडा विमानाने बाहेर तपासायला गेला होता, हे मला पुढे कळलं.

तीन आठवड्यांनी कागद आला. बाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्या इंग्रजीत बोलत होत्या, पण बघत होत्या माझ्याकडे. खूप वेळ बोलल्या. मध्ये एकदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इस्माईल मान खाली घालून ऐकत होते. मग माझ्याकडे वळले.

"दुधाची गाठ आहे. पोट मोकळं झालं की जिरेल. काळजी करू नकोस."

"एवढंच? त्या तर किती वेळ बोलल्या."

"डॉक्टर लोक तेच तेच फिरवून सांगतात."

मग ते बाईंशी काहीतरी बोलले. बाईंचा चेहरा एकदम आवळला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा एकदा काहीतरी म्हणाल्या, ह्यांनी मान हलवली. बाईंनी कागद मिटले. मला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, तो मी म्हटला: "थँक्यू." त्यांनी उत्तर दिलं नाही. वरसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, गोरी बाई, गुर्मी असणारच.

घरी येऊन मी गोड भात केला. त्यांनी दोन घास खाल्ले आणि उकाड्याचं निमित्त सांगून उठले.

गुलाबी औषध

त्यानंतरच्या सात आठवड्यांत इस्माईल माझ्याशी जितके चांगले वागले तितके त्याआधी कधी वागले नव्हते, आणि नंतर तर तशी वेळच आली नाही. पाण्याचे डबे स्वतः आत आणून ठेवायचे. खाडीवरून येताना ताजी सुरमई आणायचे. गाठ जिरावी म्हणून दवाखान्यातून एक बाटली आणली. गुलाबी, गोड औषध. दिवसातून तीन चमचे. मी नेमाने घ्यायचे. संपलं की दुसरी बाटली यायची.

गाठ लिंबाएवढी झाली. वरची कातडी आत ओढली गेल्यासारखी दिसू लागली. मी म्हटलं, जिरत नाहीये. म्हणाले, दूध वाढतंय, गाठ वाढणारच. ते दवाखान्यातले, दहा वर्षं औषधांत हात असलेले. मी सातवी पास. मी पुढचा चमचा घेतला.

पोट तपासायला दोनदा बाईंकडे गेले. दोन्ही वेळा त्यांनी पोट तपासलं, छातीकडे वळल्या, ह्यांच्याशी बोलल्या, ह्यांनी मान हलवली, आणि बाई हात धुवायला निघून गेल्या. एकदा त्यांनी नळ इतक्या जोरात बंद केला की मी दचकले.

सरतान

उम्म खमीसच्या धाकट्या मुलीचे, शम्साचे, डोळे आले. आठ महिन्यांचं पोर, पापण्या चिकटून गेलेल्या. त्या दिवशी इस्माईल अब्र्याने, म्हणजे तिथल्या छोट्या होडीने, खाडीपलीकडे कस्टमात औषधांच्या पेट्या सोडवायला गेले होते. मी सोबत म्हणून तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. सातवा महिना चालू होता, तरी चालवत होतं.

बाईंनी शम्साचे डोळे धुतले, मलम घातलं. मग माझ्याकडे एक नजर टाकून त्या उम्म खमीसला अरबीत म्हणाल्या, "ही तुझी शेजारीण ना? तुझं ऐकते का?"

"ऐकते."

"मग तिला समजेल असं काहीतरी करून सांग. तिच्या नवऱ्याकडून मी तीनदा सांगितलं. ती नाही म्हणते. ऑपरेशन केलं नाही, तर बाळ तिला आई म्हणायच्या आत ती जाईल. असला हट्ट मी कुठे पाहिला नाही."

मला सगळं समजलंय हे उम्म खमीसला माहीत होतं. तिच्या तोंडावर बुरखा होता, त्यातून नुसते डोळे दिसत होते. तिने शम्साला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

मी अरबीत विचारलं, "मी कधी नाही म्हणाले?"

बाईंच्या हातात मलमाची नळी होती, ती तशीच राहिली. "तुला अरबी येतं?"

"येतं. मी कधी नाही म्हणाले, डॉक्टर?"

त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या. "तुझा नवरा म्हणाला, बाळंतपण होईपर्यंत तू हात लावू देणार नाहीस. म्हणाला, तू रडून सांगितलंस."

"मी थँक्यू म्हणाले होते."

"मला वाटलं, तू टोचून बोललीस."

मग त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. सरतान. मला तो शब्द येत नव्हता. उम्म खमीसने मला चुलीचे, मासळीचे, लेकराबाळांचे शब्द शिकवले होते. हा शिकवायची वेळ आली नव्हती. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझी मावशी त्यानेच गेली." तेव्हा मला कळलं, हा कॅन्सर.

मी विचारलं, "किती दिवस झाले?"

बाईंनी कागद काढून बघितला. "सात आठवडे."

मध्ये उभा राहिलेला माणूस

इस्माईल दुपारी जेवायला आले. मी ताट वाढलं नव्हतं. गुलाबी बाटली चटईवर ठेवली होती.

"ह्यात काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना समजलं. माणूस उभ्या उभ्या कसा खचतो ते मी तेव्हा पाहिलं.

"साखरेचं पाणी," ते म्हणाले. "थोडा रंग घातलाय."

"मला दुधाची गाठ सांगितलंत. आणि त्यांना सांगितलंत, मी नको म्हणते."

ते खाली बसले. "पहिलं गेलं तेव्हा तू आठ दिवस जेवली नाहीस. दुसरं गेलं तेव्हा भिंतीवर डोकं आपटलंस, मी धरलं होतं तुला. डॉक्टर म्हणाली, ऑपरेशन केलं तर मूल राहीलच असं नाही. ते मी तुला कसं सांगायचं?"

"तोंडाने. बाकीच्या बायकांना सांगता तसं."

"बाकीच्या बायका माझ्या कोणी लागत नाहीत, सकीना."

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, ते इथे थांबतात आणि म्हणतात, बघ, किती जीव होता त्यांचा तुझ्यावर. असेल. नव्हता असं मी म्हणत नाही. पण त्यापुढचं बोलणंही ऐका.

मी विचारलं, "आणि मी मेले असते तर?"

"मूल तरी राहिलं असतं," ते म्हणाले. तोंडातून निघून गेलं. लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण माझ्या कानावर ते पडून गेलं होतं.

एक गोष्ट मला इथे कबूल करायला हवी. पाचव्या महिन्यात मला खरं सांगून विचारलं असतं, तर मीही बहुतेक हेच म्हणाले असते: थांबूया, आधी मूल होऊ दे. दोन गेल्यावर तिसऱ्यासाठी बाई काय वाटेल ते करते. म्हणजे त्यांनी माझ्या मनातलंच केलं असेल. तरी ते माझं नव्हतं. मरायचं की जगायचं, हे माझ्या बाबतीत ठरलं तेव्हा मी त्याच खोलीत स्टुलावर बसले होते आणि थँक्यू म्हणत होते.

"तू सांग"

दुसऱ्या दिवशी मी उम्म खमीसला घेऊन गेले. बाईंनी अरबीत सगळं नीट मांडलं. गाठ काखेपर्यंत गेली आहे. आणखी पाच आठवडे थांबून मूल बाहेर काढता येईल आणि मग कापता येईल. पण तेवढे दिवस रोगाला मिळतील. आत्ता कापलं तर मूल वेळेआधी येऊ शकतं, आणि इतक्या लहान बाळाला जगवायचं साधन इथे नाही.

"मी ठरवणार नाही," त्या म्हणाल्या. "तू सांग."

"कापा," मी म्हणाले.

मला जगायचं होतं म्हणून म्हणाले, की नवऱ्याने ज्या मुलासाठी मला पणाला लावलं होतं ते आता मी पणाला लावीन म्हणून म्हणाले, हे मला आजही सांगता येत नाही. पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. दोन्ही होतं असं वाटतं. आजारपणात माणूस चांगलं होतं असं काही लोक लिहितात. मी झाले नाही.

संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही लागायची. इस्माईलनी केली. बाई त्यांना इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या, हळू आवाजात, बराच वेळ. त्यांचे कान लाल झाले. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, आणि या वेळी कोणी भाषांतरही केलं नाही.

वॉर्ड

तोंडावर जाळी धरली, त्यावर औषधाचे थेंब टाकले. केरळची सिस्टर हिंदीत म्हणाली, "गिनो." मी मराठीत मोजायला लागले. सतरापर्यंत आठवतंय.

जाग आली तेव्हा छाती गाठोड्यासारखी आवळून बांधली होती आणि डावा हात माझा नव्हताच. उजवा हात पोटावर गेला. पोट होतं. पण बाळ हललं नाही. दुसऱ्या दिवशीही हललं नाही. बाई लाकडी नळी पोटाला लावून ऐकायच्या आणि म्हणायच्या, ठोके आहेत. मला त्यांचं खरं वाटेना. आता मला कोणाचंच खरं वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटेची अजान चालू असताना त्याने लाथ मारली, जोरात, टाक्यांपर्यंत कळ गेली. आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. दोन दिवस हाही गप्प राहून मला कोड्यात ठेवत होता.

दवाखान्याच्या मागच्या वॉर्डात सहा खाटा होत्या. खिडक्यांना ओली गोणपाटं लावलेली. सकाळी आधी वाळू झाडायची, मग ताप बघायचा, मग ड्रेसिंग. सिस्टर पट्टी ओली करून हळूहळू सोडवायची. घाईत कधी ओढली नाही. तेवढ्यासाठी मी तिला अजून दुवा देते. पहिल्यांदा उघडी छाती बघितली ती मी वरून, मान वाकवून. एका बाजूला दुधाने भरत आलेलं, दुसऱ्या बाजूला फासळ्या आणि काळे टाके. त्यानंतर बरीच वर्षं मी अंघोळ अंगावर कपडा ठेवूनच केली.

हात आखडू नये म्हणून बाईंनी भिंतीवर बोटं चढवायला लावली. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी खेकड्यासारखं वर वर जायचं. रोज जिथे पोहोचले तिथे सिस्टर पेन्सिलने रेघ मारायची. ज्या बाईला हे ऑपरेशन होईल तिला माझं एवढंच सांगणं आहे: बोटं चढवत राहा. दुखलं तरी चढव. माझा हात आज डोक्याच्या वर जातो तो त्यामुळेच.

इस्माईल तिथेच कामाला, त्यामुळे दिवसातून चार वेळा यायचे. खाटेशी वाटी घेऊन उभे राहायचे. मी तोंड फिरवायचे. माझ्या रक्ताच्या पट्ट्या धोब्याला न देता ते स्वतः मागच्या नळावर धुवायचे. खिडकीतून मला दिसायचं. बाजूच्या खाटेवरची बलुची बाई म्हणाली, "असा नवरा कुणाला मिळतो?" मी एकोणीस दिवस त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

शम्साचं दूध

मूल पाच आठवड्यांनी झालं. मुलगा. लहानसा, पण रडला खणखणीत. इस्माईलनी त्याच्या कानात अजान दिली आणि नाव ठेवलं हनीफ. मी त्याला पोटाशी घेतलं, आणि तो तोंडाने शोधायला लागला. चुकीच्या बाजूला. तिथे नुसती पट्टी होती.

बाई म्हणाल्या, पाजू नकोस. काखेत रोग गेला होता, म्हणून मुंबईला जाऊन किरणांचा शेक घ्यायला हवा. ते यंत्र तेव्हा आखातात नव्हतं. जायला-यायला धरून अडीच-तीन महिने. एवढ्याशा बाळाला बोटीच्या उघड्या डेकवरून नेणं त्यांना मान्य नव्हतं.

उम्म खमीसने फार विचार केला नाही. "शम्साचं दूध दोघांना पुरतं," ती म्हणाली. "यल्ला, आण त्याला इकडे."

इस्माईल मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिने पाजलं तर दुधाच्या नात्याने तो त्यांचा मुलगा होतो. शम्सा त्याची सख्ख्यासारखी बहीण होते. हे नातं आयुष्यभराचं असतं. विचार कर."

"मी केलाय," मी म्हणाले. "ह्या वेळी मी केलाय."

मी हनीफला तिच्या मांडीवर ठेवलं आणि गावच्या एका कुटुंबाबरोबर बोटीत बसले. शाबूत बाजूला दूध येतच होतं. गोळ्या दिल्या होत्या, तरी येत होतं. मस्कत जाईपर्यंत छातीचा दगड झाला, ताप भरला. बरोबरच्या म्हातारीने चादरीचा आडोसा धरला आणि मी कठड्याशी वाकून दूध पिळून समुद्रात टाकलं. कराचीपर्यंत रोज तेच केलं. त्या म्हातारीने एकदाही काही विचारलं नाही. तिचा पाठ करून उभा असलेला आकार अजून डोळ्यांसमोर आहे.

मुंबईत भावाच्या खोलीवर राहिले. शेकाने कातडी काळी पडली, घशाखाली घास उतरेना. मी बसायचे त्या बाकड्यावर माझ्यासारख्या कितीतरी बायका असायच्या. कागद नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात, आणि बाई विचारायची, "साधी गाठच आहे ना हो?" तो म्हणायचा, हो. माझे कागद मी माझ्या पिशवीत ठेवले होते.

परत आले तेव्हा हनीफ तीन महिन्यांचा झाला होता, गुबगुबीत. मी उचललं तर ओठ काढून रडायला लागला आणि उम्म खमीसच्या आवाजाकडे मान वळवली. इस्माईलनी घेतला तर गप्प झाला. त्या दोघांना तो ओळखत होता.

तिने शाप दिला

पुढे बाईंनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. आठवड्यातून दोन दिवस बायकांसाठी असायचे, तेव्हा मी त्यांच्याशेजारी बसायचे. त्या अरबीत सांगायच्या, मी आपल्या बायकांना आपल्या भाषेत सांगायचे. अक्षर न गाळता. मला त्याचा गर्व झाला होता.

मग राजापूरकडची एक पोर आली, माझ्याच वयाची, माझ्याच रोगाची. मी सगळं सांगितलं, बाई बोलल्या तसं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तुझ्या जिभेला कीड पडो. असं कोणी सांगतं का माणसाला?" ती पुन्हा आली नाही. ऑपरेशन न करताच गावी गेली असं कानावर आलं. त्यानंतर काही कळलं नाही.

इस्माईल घरी एवढंच म्हणाले, "बघितलंस?"

त्यानंतर मी सांगायच्या आधी समोरच्या बाईला विचारायला लागले, "मी तुला सगळं सांगू, की तुझ्या घरच्या माणसाला सांगू? तू म्हणशील तसं." बहुतेक जणी म्हणायच्या, मला सांग. काही जणी म्हणायच्या, नको, त्यांनाच सांगा. तेही मी केलं. पण आधी विचारून.

हनीफ आणि त्याचे अब्बा

रोग परत आला नाही. का आला नाही, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. आम्हाला आणखी मूल झालं नाही. आम्ही एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो. लोकांना आमच्यात काही वावगं दिसलं नसणार.

हनीफ वीस वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकत होता. इथली मुलं बोलतात तसा इंग्रजीत म्हणाला, "बट मम्मी, आय अ‍ॅम हिअर बिकॉज ऑफ दॅट." म्हणजे अब्बांनी लपवलं म्हणूनच मी आहे. मी त्याला म्हणाले, तसं असेल. मुलाला दुसरं काय सांगणार?

इस्माईल हजला निघाले ते आम्ही शारजात राहायला गेल्यानंतर. निघण्याआधी माणूस सगळ्यांकडून माफी मागून घेतो. ते बिल्डिंगमध्ये घरोघर गेले, जुन्या देऱ्यातल्या लोकांना भेटून आले, उम्म खमीसच्या दारात जाऊन आले. सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरात आले. मी पाठमोरी होते, तव्यावर भाकरी होती.

"सकीना, माझं काही चुकलं असेल तर माफ कर."

"काही?" मी विचारलं.

खाली हनीफने गाडी काढली होती, हॉर्न वाजला.

"तुला विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदा बोलले. मी भाकरी उलटली.

"हो," मी म्हणाले.

मग दुसऱ्यांदा हॉर्न वाजला आणि ते गेले. हज करून सुखरूप आले, मला जमजमचं पाणी दिलं, मी प्यायले. त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्यांनी पुन्हा माफी मागितली नाही. शेवटच्या दुखण्यात डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना रोज सांगत होते, त्यांना नको असलं तरी.

ते गेले तेव्हा मयताजवळ बसलेल्या बायका म्हणाल्या, आता माफ करून टाक, त्यांची वाट सोपी होईल. मी पाचही नमाजांनंतर त्यांच्यासाठी दुवा मागते, एकही दिवस चुकवलेला नाही. माफीचं अजून जमलेलं नाही.